ताप उतरल्यानंतरचं आजारपण : एका घरातल्या फ्लूचं प्रकरण

घरात माणसं पाच. ७४ वर्षांच्या आजी, त्यांचा ४६ वर्षांचा मुलगा, ४३ वर्षांची सून, १६ वर्षांची नात आणि ८ वर्षांचा नातू. आजींना रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही, मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेलं. मुलाने काही वर्षांपूर्वी धूम्रपान सोडलेलं. बाकी तिघं धडधाकट. त्या वर्षीची फ्लूची लस कुणीच घेतली नव्हती. आठवडाभरात पाचही जण इन्फ्लुएन्झा ए विषाणूने आजारी पडले, एकाला रुग्णालयात ठेवावं लागलं, दुसऱ्याला न्यूमोनिया झाला. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, नाती तेवढी ठेवली आहेत.

साथीच्या पहिल्या आठवड्याबद्दल सगळेच बोलतात. ताप किती, गोळी कोणती, दाखल करायचं की नाही. त्यापुढच्या आठवड्यांत घर एकटं पडतं, कारण चौकशीचे फोन थांबलेले असतात आणि "आता बरे आहात ना?" या प्रश्नाला "हो" एवढंच उत्तर अपेक्षित असतं. या घरात खरी कसोटी तेव्हा सुरू झाली. प्रत्येकाचं आजारपण वेगळ्या वाटेने गेलं. सगळ्यात जास्त दिवस रेंगाळलं ते तिचं, जिला घरात कुणीच रुग्ण मानत नव्हतं, ती स्वतःसुद्धा.

आजार घरात कसा फिरला

सुरुवात नातवापासून झाली. शाळेतून डोकं धरून आला, रात्री ताप १०३. दुसऱ्या दिवशी नातीचा घसा धरला, तिसऱ्या दिवशी वडिलांना हुडहुडी भरली, चौथ्या दिवशी सून आणि आजी. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १ ते ४ दिवस जातात, बहुतेकदा दोन. त्यामुळे या क्रमात नवल काही नव्हतं. नवल लोकांना वाटतं ते याचं की मुलाला लगेच वेगळ्या खोलीत ठेवूनही आजार पसरला कसा. माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू बाहेर टाकायला लागतो. मोठी माणसं पुढे ५ ते ७ दिवस टाकत राहतात, लहान मुलं त्याहून जास्त. मुलगा आजारी आहे हे कळलं तेव्हा तो आदल्या संध्याकाळी आजीच्या कुशीत झोपून झाला होता.

म्हणून वेगळं ठेवणं व्यर्थ आहे असं मात्र नाही. आजारी माणसाने मास्क लावणं, खिडक्या उघड्या ठेवणं, हात धुणं यांनी विषाणूचा मारा कमी होतो. आणखी एक गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी. घरात एकाला फ्लू झाल्याचं पक्कं झालं आणि त्याच घरात वृद्ध, गरोदर किंवा मधुमेही माणूस असेल, तर त्या व्यक्तीला संपर्क आल्यापासून ४८ तासांच्या आत ऑसेल्टामिविर ही फ्लूच्या विषाणूवरची गोळी प्रतिबंध म्हणून दिवसातून एकदा सुरू करता येते. त्यासाठी पहिला आजारी पडल्याबरोबर डॉक्टरांना एवढं एक वाक्य सांगायला हवं : घरात आजी आहेत. हे कुटुंब माझ्याकडे आलं ते चौथ्या दिवशी, वडिलांना उभं राहवेना तेव्हा. तोवर आजी आजारी होत्या.

आजी : ताप नसलेला फ्लू

आजींना ताप ९९ सुद्धा धड नव्हता. खोकलाही किरकोळ. सून म्हणाली, "सकाळपासून गप्प आहेत आणि औषधांची डबी दोनदा उघडून तशीच ठेवली." मी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "संध्याकाळ."

वयस्कर माणसात जंतुसंसर्गाचं पहिलं लक्षण पुष्कळदा ताप नसतोच. अचानक आलेला गोंधळ, नेहमीपेक्षा जास्त झोप, तोल जाणं, पाणी पिणं बंद होणं, ही लक्षणं असतात. घरचे त्याला वयाचा थकवा म्हणतात. पण वय एका दिवसात वाढत नाही. कालपर्यंत पेपर वाचणारं माणूस आज वार विसरलं तर तो आजार आहे असंच धरून चालावं. आजींचा श्वास मिनिटाला २८ होता, ऑक्सिमीटरवर आकडा ९१. गोंधळ, ६५ च्या वरचं वय आणि उतरलेला ऑक्सिजन एवढं पुरेसं होतं. त्याच तासाला त्यांना दाखल केलं.

ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत चांगलं लागू पडतं, पण दाखल करण्याइतका आजार असेल तर उशीर झाला म्हणून ते टाळत नाहीत. आजींना पहिल्याच दिवशी सुरू झालं, मूत्रपिंडाच्या तपासणीप्रमाणे मात्रा कमी करून. शिवाय रोज हृदयाचा आलेख काढला जात होता. मुलाला तो खर्च आणि त्रास अनावश्यक वाटला. त्यामागचं कारण असं : कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रयोगशाळेत फ्लू पक्का झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळलं. फ्लू फुप्फुसांपुरता राहत नाही. शरीरभर जी जळजळ उठते तिच्यामुळे रक्त गोठण्याकडे झुकतं आणि हृदयावर ताण येतो. मधुमेही, रक्तदाब असलेल्या ७४ वर्षांच्या बाईंच्या छातीत दुखलं तर ते खोकून दुखतंय असं म्हणून सोडून देता येत नाही.

आठवड्याच्या आत आजी घरी आल्या. ऑक्सिजन ९६, ताप नाही, साखर ताळ्यावर. कागदावर बऱ्या. पण खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता येईना. आजारापूर्वी त्या रोज जिना चढत होत्या. निरोगी वृद्धांना दहा दिवस केवळ अंथरुणावर झोपवून ठेवलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू घटला होता, आणि ती माणसं आजारीसुद्धा नव्हती. आजींच्या बाबतीत त्यावर ताप, कमी खाणं आणि वाढलेली साखर यांची भर. त्यामुळे घरी आल्या दिवसापासून "आता फक्त आराम करा" हा सल्ला मी मुद्दाम दिला नाही. दिवसातून तीनदा, कुणीतरी समोर उभं राहून, खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं. सुरुवातीला हात टेकून, मग एकच हात, मग बिनहाताने. जेवणात प्रथिनं वाढवायची, तीही एकाच वेळी न देता तीन भागांत. बिनहाताने उठायला त्यांना जवळपास महिना लागला, जिना त्याच्यानंतर.

रात्रीचा गोंधळही लगेच गेला नाही. दिवे मालवले की त्यांना आपण रुग्णालयातच आहोत असं वाटे. घरच्यांनी याचा फार धसका घेतला, स्मृतिभ्रंश सुरू झाला म्हणून. आजारातला असा भ्रम मूळ आजारापेक्षा सावकाश ओसरतो, कधी कधी कित्येक आठवड्यांनी. चष्मा आणि कानाचं यंत्र दिवसभर अंगावर, समोर मोठं घड्याळ, सकाळी उजेडात बसणं, दुपारची झोप थोडी, आणि वाद न घालता "तुम्ही घरी आहात, मी इथेच आहे" एवढं सांगणं. झोपेची गोळी मागितली होती, ती दिली नाही. अशा वेळी ती गोंधळ वाढवते आणि माणूस पडतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट राहिली. रुग्णालयात आजींची लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी थांबवलेली होती, कारण शरीरातलं पाणी कमी झालं होतं. घरच्या डबीत ती तशीच होती. घरी आल्यावर जुनी डबी पुढे चालू होते आणि थांबवलेलं औषध आपोआप परत सुरू होतं, असं बऱ्याच घरांत घडतं. आम्ही डबी रिकामी करून सुटीच्या कागदाप्रमाणे पुन्हा भरली आणि रक्तदाब आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन बघून ती गोळी दहा दिवसांनी परत चालू केली.

नातवाचे पाय

मुलाचा ताप पाचव्या दिवशी गेला आणि सहाव्या दिवशी सकाळी तो पलंगावरून उतरेना. उतरवलं तर चवड्यांवर, गुडघे ताठ ठेवून चालायचा आणि रडायचा. घर आधीच आजींमुळे हादरलेलं, त्यात हे. पोटऱ्या दाबल्या की दुखत होत्या, बाकी ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया ठीक. फ्लूतून उठताना शाळकरी मुलांना, विशेषतः मुलग्यांना, पोटरीच्या स्नायूंचा दाह होतो तो हा. स्नायू दुखावले की रक्तात वाढणारं सीपीके नेहमीच्या कित्येक पट आलं, ते या त्रासात येतंच. लघवी गडद झाली नव्हती, म्हणजे स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येण्याचं लक्षण नव्हतं. पाणी भरपूर, पॅरासिटामॉल, दोन-तीन दिवस पायांना विश्रांती. अॅस्पिरिन मात्र अजिबात नाही, कारण फ्लू झालेल्या मुलांत त्याने यकृत आणि मेंदूवर आघात करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. आठवड्यात मुलगा पळत होता. नातीबद्दल आजार म्हणून लिहिण्यासारखं फार नाही, तिला दोन दिवस त्रास झाला आणि ती उठली.

वहीतलं एक पान

पण या घराला सावरलं ते याच मुलीने. आजी रुग्णालयात गेल्यावर तिला काहीतरी काम हवं होतं, म्हणून मी तिला एक वही करायला सांगितली. प्रत्येकाचं एक पान, दिवसातून तीन नोंदी : ताप, नाडी, ऑक्सिजन, लघवीला गेल्याची वेळ, आणि श्वास. श्वास मोजायचा तो पूर्ण मिनिटभर, माणूस स्वस्थ बसलेला असताना आणि त्याला न सांगता. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. घरात करता येणाऱ्या सगळ्या मोजण्यांत मला हीच सर्वांत मोलाची वाटते. ऑक्सिमीटर नखाच्या रंगाने, गार बोटांनी फसतो, गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. छातीचं वर-खाली होणं लपत नाही.

वडिलांच्या पानावर तापाचा रकाना असा होता : १०२, १०२, १०१, १००, मग दोन दिवस ताप नाही. "बाबा बरे" असं तिने समासात लिहिलेलं होतं. बाबा सहाव्या दिवशी लॅपटॉप उघडून बसले होते. आठव्या दिवशी सकाळी श्वासाच्या रकान्यात १८ च्या जागी २६ आला, ताप अजून नव्हता. तिने दुपारी पुन्हा मोजला, २८. मग मला फोन केला. संध्याकाळपर्यंत १०३ ताप, थरथर आणि उजव्या कुशीत श्वास घेताना कळ.

फ्लूमध्ये ताप उतरून माणूस सुधारतो आणि मग एकदम पुन्हा ढासळतो, तेव्हा तो विषाणूचाच उरलेला ताप समजू नये. विषाणूने श्वासनलिकांचं आतलं अस्तर सोलून काढलेलं असतं आणि एरवी नाकाघशात निमूट राहणारे न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकससारखे जिवाणू फुप्फुसांत उतरतात. १९१८ च्या महासाथीत जे कोट्यवधी लोक गेले, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या फुप्फुसांत अशाच जिवाणूंचा न्यूमोनिया होता. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आता आहेत, पण ती वेळेवर पोटात जायला हवीत. याच कारणाने मी पहिल्या आठवड्यात वडिलांना प्रतिजैविक दिलं नव्हतं आणि आठव्या दिवशी एक तासही न घालवता दिलं. विषाणूवर ते निरुपयोगी असतं, "सुरक्षितता म्हणून" दिल्याने हा दुसरा हल्ला टळेल असंही धरता येत नाही.

एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा होता. शुद्ध पूर्ण, रक्तदाब ठीक, ऑक्सिजन ९५, त्यामुळे दोन्ही जिवाणूंना लागू पडेल असं औषध देऊन घरीच ठेवलं आणि ४८ तासांनी पुन्हा तपासायचं ठरलं. त्या वेळेला ताप उतरणीला होता. तसा नसता तर दाखल करायचं हे आधीच सांगून ठेवलं होतं. घरी ठेवलेल्या रुग्णाच्या घरच्यांना पुढची पायरी आधीच माहीत असली की मध्यरात्री घालमेल होत नाही.

वडिलांचा पुढचा प्रश्न कामाचा होता. "मी कधी नॉर्मल?" उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने न्यूमोनियाच्या रुग्णांना सांगण्यासाठी एक ढोबळ वेळापत्रक दिलं आहे, तेच मी त्यांना कागदावर लिहून दिलं. १ आठवड्यात ताप जावा, ४ आठवड्यांत छातीतलं दुखणं आणि कफ बराच कमी, ६ आठवड्यांत खोकला आणि धाप बरीच कमी, ३ महिन्यांत बहुतेक त्रास संपलेला पण थकवा उरलेला, आणि पूर्ण पूर्वीसारखं वाटायला ६ महिने. कागद हातात येताच ते एकदम सैल झाले. आपण बरं होण्यात मागे पडतोय, आळशी झालोय, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते वेळापत्रकाच्या थोडे पुढेच होते. धूम्रपानाचा इतिहास होता, म्हणून सातव्या आठवड्यात पुन्हा एक्स-रे काढला. न विरघळणाऱ्या डागामागे कधी कधी गाठ लपलेली असते. डाग पूर्ण गेला होता.

सून

आता तिच्याबद्दल. आजारी पडली त्याच दिवशी सासूबाईंना दाखल करावं लागलं, म्हणून ती ताप अंगावर काढत रुग्णालयात आणि घरी फिरत राहिली. वहीत तिचं पान होतं, पण त्यावर फक्त पहिल्या दिवसाच्या नोंदी. मुलीने विचारलं की ती म्हणायची, "माझं राहू दे, आधी बाबांचं घे." अंग मोडून यायचं तेव्हा सर्दीची मिश्र गोळी आणि वर तापाची वेगळी गोळी, दोन्हींत पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये, आणि ती त्या रेषेच्या अगदी जवळ होती.

तिसऱ्या आठवड्यात ती आजींना घेऊन आली. आजी तपासून झाल्यावर मी तिची नाडी पाहिली, बसलेल्या अवस्थेत ११०. "मला कुठे काय झालंय, आजारी तर हे होते," असं म्हणताना तिला वाक्य पूर्ण करायला मध्ये थांबावं लागलं. ती म्हणाली, परवा सगळं घर आवरलं आणि काल दिवसभर उठताच आलं नाही. हृदयाचा आलेख, रक्त, थायरॉइड, एक्स-रे, सगळं तपासलं. विषाणूनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळी श्रम करणं धोक्याचं असतं, म्हणून हृदयाची सोनोग्राफीही केली. सगळं स्वच्छ होतं. उरला तो विषाणूनंतरचा थकवा. त्याची खूण हीच, की श्रमाची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चुकवावी लागते.

अशा थकव्यात "हळूहळू रोज थोडं वाढवत जा" हा सल्ला आंधळेपणाने दिला तर माणूस खाली जातो. आधी तळ शोधावा लागतो : दुसऱ्या दिवशी त्रास न होता किती करता येतं. तिच्या बाबतीत ते वीस मिनिटांचं उभ्याचं काम निघालं. मग तेवढंच, चांगला दिवस असला तरी तेवढंच, आणि मध्ये आडवं होणं. सलग दहा दिवस त्रास नाही, तर पाच मिनिटं जास्त. चांगल्या दिवशी थांबणं तिला सर्वांत जड गेलं.

पण वीस मिनिटांत घर चालत नाही, आणि इथे औषधाचा उपयोग नव्हता. मी चौघांना एकत्र बसवलं, आजींसकट. आजींच्या गोळ्या मुलाने भरायच्या, उठण्या-बसण्याचा व्यायाम नातीने घ्यायचा, रात्री हाक आली तर मुलाने उठायचं. आजी स्वतः म्हणाल्या, "तिला झोपू द्या, मी बसल्या बसल्या जमेल ते करते." तिथून सुनेची झोप सलग झाली आणि तिथूनच ती सुधारू लागली. माझं ठाम मत आहे की घरात एकापेक्षा जास्त माणसं आजारी असतील, तर रुग्णालयातून सुटी देताना काळजी घेणाऱ्या माणसाचीही नाडी बघितली पाहिजे. तिला, बहुतेक घरांत ती स्त्रीच असते, स्वतःहून कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

दहाव्या-अकराव्या आठवड्यात ती घाबरून आली. केस मूठमूठ गळत होते. मोठ्या तापानंतर पुष्कळशी केसांची मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते केस एकत्र गळतात. मुळं जिवंत असतात. लोहाची तपासणी केली, ते थोडं कमी होतं, तेवढं भरून काढलं. महागडी तेलं आणि गोळ्या घेऊ नका म्हणून सांगितलं.

चौथ्या महिन्यात तिने अर्धवेळ काम सुरू केलं, पाचव्यात पूर्णवेळ. पुढच्या साथीच्या आधी पाचही जणांनी लस घ्यायची असं ठरलं आहे. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात आणि विषाणू बदलत असल्यामुळे ती दरवर्षी घ्यावी लागते. आजींना न्यूमोकोकसची लस त्यांच्या तिसऱ्या महिन्याच्या भेटीतच दिली. सुनेच्या शेवटच्या भेटीत बसलेल्या अवस्थेत नाडी ७६ होती, कपाळाच्या कडेला नवे आखूड केस आले होते, आणि लोहाच्या गोळ्या अजून दोन महिने चालू ठेवायला सांगितल्या.